मोदकाच्या कळ्या

शरीर माणसाला शेवटपर्यंत साथ देतं, असं माझी थोरली बहीण कुसुमताई दरवर्षी मोदक वळताना सांगायची. यंदा गणपतीआधीच्या संकष्टीला तिच्या बोटांनी पारी धरली आणि कळ्या पाडायला साफ नकार दिला.

मेंदूच्या डॉक्टरांनी समजावलं. जनुक तेच असतं, पण पेशी त्याचा मजकूर कापून वेगवेगळा जोडते. पेशीने मरावं असा हुकूम असलेल्या मजकुरात मज्जापेशी एक बारीक तुकडा जादा जोडते. हुकूम निकामी होतो आणि ती जन्मभर टिकते. ताईच्या बाबतीत ही जोडणी बहुधा बिघडली होती आणि बोटं चालवणाऱ्या पेशी मरत चालल्या होत्या.

"म्हणजे माझ्याच पेशींनी मला दगा दिला?"

"तसं म्हणता येईल," डॉक्टर म्हणाले.

"आणि मी मेली इतकी वर्षं त्यांना साजूक तूप घालत होते!"

मी हसलो. ती मात्र मांडीवरच्या हातांकडे, फितूर झालेल्या नातेवाइकाकडे पाहावं तशी बघत राहिली. आपल्या आत कुणीतरी रोज गुपचूप आपल्यासाठी हुकूम मोडत असतं, आणि त्याने ते थांबवल्यावरच ते आपल्याला कळतं.

गणपतीला नैवेद्य वेळेवर दाखवला. मोदक साच्यातले होते. सगळे अगदी सारखे.