कोरडा कोट

आमच्या शेजाऱ्याला लोणावळ्याचा सगळा बाजार पुढारी म्हणायचा, आणि त्याला त्यातला खवचटपणा कधी कळला नाही. तो विडीसुद्धा मागायचा ती देशासाठी. "देशासाठी एक विडी द्या, राव. बोलून बोलून घसा बसलाय." अंगात मात्र विलायती लोकरीचा काळा कोट. त्याबद्दल विचारलं की म्हणायचा, "इथली हवा दमट. मी आजारी पडलो तर चळवळीचं काय?"

पावसाळ्यात आमच्याकडे शेगडीवर टोपली पालथी घालून कपडे वाळवतात. त्याच्या घरच्या टोपलीवर चार महिने हा कोटच असायचा. बायको-पोरं ओल्या कपड्यांनी वावरायची.

त्या श्रावणात त्यानं बाजारात विलायती कपड्यांची होळी ठरवली. स्वराज्यावर तासभर बोलला आणि बायकोचं लुगडं ढिगावर टाकलं. तिच्या भावानं भाऊबीजेला ओवाळणीत घातलेलं, एकुलतं एक चांगलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण सगळा ढीगच दमट. काडी लावली तर नुसता धूर. पुढारी खोकत म्हणाला, "देशासाठी कुणीतरी काहीतरी कोरडं आणा."

त्याची बायको जवळच्या कुरवंडे गावची, चारचौघांत कधी न बोलणारी. ती शांतपणे म्हणाली, "तुमचा कोट हाय की कोरडा. त्यो टाका, लगीच पेटंल."

पुढाऱ्यानं कोटाची बटणं लावली, आभाळाकडे पाहिलं आणि पावसामुळे सभा तहकूब केली. पाऊस सकाळीच थांबला होता. बायकोनं ढिगातलं लुगडं ओढून काढलं, झटकलं आणि काखेत मारून घरची वाट धरली.