कॅनबेरातलं लेबल नसलेलं तूप

ईस्टरच्या शनिवारी सकाळी निघताना आत्याने सगळ्यात आधी साडीची घडी नीट लावली. नेसायची साडी नाही हां, आत्या जीन्समध्येच होती. जुन्या सुती साडीचा एक तुकडा आहे, लोण्यासारखा मऊ झालेला. त्याची जाड घडी करून ती सीटबेल्ट आणि बरगड्यांच्या मध्ये सरकवते. मागच्या वर्षी तिला नागीण झाली होती (अंगावर पट्ट्यासारखे फोड येतात ती). फोड गेले, आग राहिली. आणि ती आग नेमकी बेल्ट जातो तिथेच. ओढणी घासली तरी डोळ्यांत पाणी येतं तिच्या.

माझी आत्या, माधवी, वेस्टमीडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. मी युनिसाठी (युनिव्हर्सिटीसाठी) सिडनीत आले ती तिच्याकडेच राहते. आता खरी भानगड सांगते, म्हणजे पुढचं सगळं कळेल. डॉक्टरने तिला गांजाच्या झाडापासून बनवलेलं तेल लिहून दिलं. रीतसर प्रिस्क्रिप्शन, फार्मसीतून पांढऱ्या पिशवीत. जिभेखाली थेंब टाकायचे. ते सुरू केल्यावर आत्या कित्येक महिन्यांनी शांत झोपली. पण आमच्या राज्यात पोलीस रस्त्यावर थांबवून थुंकी तपासतात, आणि त्यात ते जरासं जरी सापडलं तरी गुन्हा. औषध म्हणून घेतलंय, चिठ्ठी आहे, काही चालत नाही. आत्याची शिफ्ट इतक्या पहाटे सुरू होते की तेव्हा आमच्याकडे बसच नसते. मग तिने तेल बंद केलं आणि गाडी चालू ठेवली. सिडनीत आल्यावर स्वतःच्या पगारातून घेतलेली पहिली गाडी आहे ती, तिचा जीव आहे त्यात.

लॅबमध्ये सांगून शिफ्ट बदलून घे, असं मी शंभरदा म्हटलं. ती म्हणाली, काय सांगू, मी गांजा घेते म्हणून? पुण्यात तिच्या बाबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, तिने आयुर्वेदिक तेल म्हणून सांगितलंय. ते दर रविवारी फोनवर विचारतात, रोज चोळतेस ना? आणि ही हो म्हणते.

सुट्टीनंतर डॉक्टरला उत्तर द्यायचं होतं, तेल चालू ठेवायचं की कायमचं सोडायचं. म्हणून आम्ही कॅनबेराला निघालो, फिलोमावशीला भेटायला. फिलोमावशी वसईची. आत्या आणि ती सिडनीत नव्या नव्या आल्या तेव्हा एका खोलीत राहायच्या. आता ती नवऱ्याबरोबर कॅनबेरात असते, आणि तिथला कायदा वेगळा आहे. घरी गांजाची दोन झाडं लावता येतात, आणि मावशीने ती लावली होती. मला तर कधी एकदा बघते असं झालेलं. गाडी मात्र आत्यालाच चालवायची होती, कारण माझ्याकडे अजून एल प्लेट (शिकाऊ लायसन्स) आहे आणि हायवेवर मला ट्रक दिसला की मी डोळे मिटते.

गोलबर्नला थांबलो. तिथे सिमेंटचा एक अवाढव्य मेंढा आहे, इमारतीएवढा, आणि लोक त्याच्यासमोर उभे राहून अगदी गंभीरपणे फोटो काढतात. मीपण काढले. शनिवार म्हणून आत्याने व्हेज पेस्टी घेतली (करंजीची ऑस्ट्रेलियन मावशी समजा) आणि ती उभ्यानेच खाल्ली, बसलं की दुखतं म्हणून. बेकरीच्या बाकावर एक म्हातारे आजोबा होते. मी गप्प बसणारी नाही. कॅनबेराला चाललोय, तिकडे गांजा लावता येतो ना, असं मी सरळ विचारलंच. आत्याने माझ्या पायावर पाय दिला. आजोबा हसले. म्हणाले, शेजारीण त्यांच्या गुडघ्याला लावायला एका बरणीत काहीतरी देते, त्यात काय आहे ते विचारत नाहीत.

"सरळ दुकानात विका, टॅक्स लावा, आणि त्या पैशात हा रस्ता नीट करा, मेट," ते म्हणाले. मग आत्याने बरगड्यांशी धरलेल्या घडीकडे बघून हळूच म्हणाले, "जपून जा, लव्ह. लाँग वीकेंड आहे, पोलीस सगळीकडे असणार."

खरंच होते. लेक जॉर्जच्या अलीकडे गाड्या बाजूला घेत होते. लेक जॉर्ज म्हणजे असं तळं की ज्यात कधी पाणी असतं, कधी मेंढ्या चरतात. आम्ही गेलो तेव्हा मेंढ्या होत्या. आत्याने काच खाली केली, जीभ बाहेर काढून थुंकी तपासायची ती पट्टी चाटली. तेल बंद करून बरेच दिवस झाले होते, काहीच निघणार नव्हतं, तरी ती त्या पट्टीकडेच बघत होती. पोलीस पोरगी माझ्याच वयाची असेल. नो वरीज, हॅपी ईस्टर म्हणून तिने सोडलं. आत्या पुढे घडी सारखी सारखी नीट करत होती.

मग एक पाटी आली आणि आम्ही दुसऱ्या कायद्यात शिरलो. मला वाटलेलं हिरव्या पानांच्या पाट्या असतील, दुकानं असतील. काही नाही. तेच गम ट्री (निलगिरी), तोच रस्ता, फक्त शहरातली झाडं शरद ऋतूने (इथे तो ईस्टरला येतो) लाल-पिवळी झालेली.

फिलोमावशीने दारातच आत्याला मिठी मारायला हात पसरले, मग आठवलं, आणि नुसते गाल धरले. "किती वाळलीस गो माधवी," एवढंच म्हणाली. चहाच्या आधी तिने आम्हाला मागच्या अंगणात नेलं. वसईच्या वाडीत वाढलेली बाई, तिच्या हाताला सगळं येतं. टोमॅटो, अळू, कढीपत्ता, वालीची भाजी (जाड पानांचा वेल), आणि मध्ये ती दोन झाडं, उंच, वास असा की डोकंच फिरावं. बाकीच्या झाडांसारखीच काठीला बांधलेली, जुन्या पेटीकोटच्या नाडीने.

विल्सन अंकल तिचे मिस्टर. केमोनंतर त्यांची भूक मेली होती, ती या झाडांनी परत आणली असं मावशीचं म्हणणं. पण तिची एक मोठी तक्रार होती. इथे लावायला परवानगी आहे, विकायला नाही, आणि कुणाला द्यायलाही नाही. पानसुद्धा नाही. आमच्या पिशवीत तोपर्यंत अळू, लिंबं आणि कढीपत्त्याचं रोप आलेलं होतं.

"घरात असून पाहुण्याला द्यायचं नाही," ती म्हणाली. "सरकारला कुणी आई नव्हती काय शिकवायला?"

अंकल म्हणाले, म्हणूनच दुकानं पाहिजेत. दारूवर टॅक्स घेता, सिगरेटवर घेता, यावर घ्या, आणि प्रत्येक बाटलीवर लेबल लावा, आत काय आहे, किती आहे. मावशी म्हणाली, टॅक्स आला की कंपन्या येतील, कंपन्या आल्या की माझी दोन झाडं उपटायला लावतील, आणि कॉलेजची पोरं वेफर्ससारखं खातील ते वेगळंच. अंकल म्हणाले, पोरं आत्ताही खातात, पण काय खातात ते कुणालाच माहीत नसतं. दोघं हे भांडण रोज करत असणार, कारण एकमेकांची वाक्यं पूर्ण करत होते. आत्या शेवटी म्हणाली, "तुम्ही विका नाहीतर लावा. गाडीचं कोण बोलतंय?" अंकलनी मान डोलावली. कारण गाडीचं तिथेही तेच आहे, घ्या घरी, पण घेऊन चालवलीत तर गुन्हा.

जेवायला आमच्यासाठी शनिवारचं म्हणून मुद्दाम वरण-भात, वालीची भाजी आणि फुगे (मैद्याचे गोल, फुगलेले तळलेले गोळे). मावशी फुगे तळायला आत, आणि अंकल वाढायला. वरण-भातावर तूप नाही म्हटल्यावर त्यांना अगदी लाज वाटली. म्हणाले, आहे ना तूप, आणि फ्रिजच्या कोपऱ्यातून लोणच्याची जुनी बरणी काढली. आत घट्ट, जरा हिरवट तूप. त्यांनी आत्याच्या भातावर भरपूर घातलं, माझ्याही. मला वास जरा वेगळा वाटला, पण म्हटलं ऑस्ट्रेलियन गायी, काहीही खात असतील. आत्याने परत मागून घेतलं.

मावशी फुग्यांचं ताट घेऊन बाहेर आली, बरणीकडे बघितलं, आणि ताट तसंच हातात धरून उभी राहिली.

"विल्सन. हे कुठलं तूप वाढलंस तू?"

अंकलनी बरणी फिरवून बघितली. लेबल नव्हतं. ते तूप मावशीने त्यांच्या खिचडीसाठी त्या झाडाच्या पानांत कढवलेलं होतं, आणि घरात दोघंच म्हणून तिने बरणीवर कधी काही लिहिलंच नव्हतं.

"बघ," अंकल बारीक आवाजात म्हणाले, "मी हेच सांगत होतो."

मावशी मटकन बसली. काल गुड फ्रायडे झाला, उद्या ईस्टर, आणि आज मी गुन्हा केला, असं म्हणायला लागली. आणि मग आत्या हसायला लागली. बरगड्यांना हात धरून, दुखतंय तरी हसतेय. "अगं, आयुष्यभर लोकांच्या रक्ताच्या बाटल्यांवर लेबलं लावली मी," ती म्हणाली, "आणि खाल्लं बिनलेबलाच्या बरणीतून. तेही दोनदा."

मग आम्ही चौघं काहीतरी होण्याची वाट बघत बसलो. बराच वेळ काहीच नाही. मग मला अंगणातल्या दोरीवरचे कपडे फारच प्रेमळ वाटायला लागले, त्यानंतर डोकं गरगरलं, आणि मावशीने मला लिंबूपाणी देऊन आडवं केलं. मजा अजिबात नव्हती, खरं सांगते, घाबरले होते मी. माझा हात धरून मावशी बसून होती. मी मान वळवली तर शेजारच्या सोफ्यावर आत्या कुशीवर झोपलेली. त्याच कुशीवर, ज्या कुशीवर ती झोपूच शकत नाही. तोंड थोडं उघडं, लहान मुलीसारखं. मावशीने तिच्यावर पांघरूण घातलं आणि डोळे पुसले.

रविवारी मी ठणठणीत. पण गाडीचं काय? थुंकीत ते किती टिकतं, काही तास की काही दिवस, कुणीच खात्रीने सांगेना. आत्याला चालवता येत नाही, मला चालवता येत नाही, आणि मंगळवारी पहाटे तिची शिफ्ट. मावशी आणि अंकल चर्चहून आले तेव्हा आत्या अंगणात त्या दोन झाडांसमोर उभी होती, फोन हातात. मला म्हणाली, थांब इथेच.

तिने लॅबमधल्या सुपरवायझरला, मॅगीला, फोन लावला. मला वाटलं गाडी बिघडली म्हणेल. तिने इंग्लिशमध्ये सगळं सांगितलं, नागीण, झोप, तेल, त्यात काय असतं तेही. मग म्हणाली, "मॅगी, आय नीड धिस मेडिसिन. आय कान्ट ड्राइव्ह एनीमोर."

 मग मॅगी बोलत राहिली, आत्या नुसती हं हं करत होती. फोन ठेवल्यावर तिने सांगितलं, मॅगी आधी रागावली. इतके महिने दुखणं अंगावर काढून काम केलंस, मला एकदा सांगायचंस तरी. आता सहा आठवडे आर्वो शिफ्ट (दुपारची), पुढचं नंतर बघू, कायमचं वचन नाही. आत्याने घराच्या दारातून दिसणाऱ्या तिच्या गाडीकडे बघितलं. "बाबांना पण सांगून टाकते आज," ती म्हणाली. "चोळायचं नसतं म्हणून."

सोमवारी आम्ही कोचने (लांब पल्ल्याच्या बसने) परत निघालो. गाडी मावशीच्या ड्राइव्ह-वेमध्ये, मी टेस्ट पास झाले की घ्यायला यायचं ठरलंय, म्हणजे मला आता ट्रकसमोर डोळे उघडे ठेवायला शिकावंच लागणार. स्टॉपवर मावशीने अळू आणि कढीपत्त्याची पिशवी हातात दिली, आणि फुग्यांच्या डब्यावर चक्क चिकटपट्टी लावून लिहिलं होतं, फुगे. निघण्याआधी आत्याने बरेच दिवस पर्समध्येच पडून असलेल्या तिच्या स्वतःच्या बाटलीतले, डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे थेंब सगळ्यांसमोर जिभेखाली टाकले.

लेक जॉर्जपाशी पुन्हा गाड्या थांबवत होते. आमचा ड्रायव्हर खाली उतरला, पट्टी चाटली, परत आला. मी खिडकीतून मेंढ्या बघत होते. तीच मेंढरं, तोच डांबरी रस्ता, आणि मध्ये कुठेतरी ती पाटी, जिच्या अलीकडे मावशीचं अंगण गुन्हा आहे आणि पलीकडे नाही. कोण बरोबर, मावशी की अंकल, मला अजून ठरवता येत नाही. दुकान पाहिजे की नको, तेही नाही. मला एवढंच माहीत आहे की माझी आत्या माझ्या खांद्यावर डोकं टाकून सिडनीपर्यंत झोपली होती, आणि बेल्ट तिच्या बरगड्यांवरून गेलेला होता.

सिडनीच्या सेंट्रल स्टेशनला तिला हलवलं तेव्हा तिने आधी छातीखाली हात नेला. चाचपलं.

"घडी कुठेय गं माझी?"

"गाडीतच राहिली, आत्या."

तिने बेल्ट सोडला, कढीपत्त्याचं रोप मांडीवरून उचललं आणि म्हणाली, "राहू दे."