शेवटचा ठोका

"चोपन्नाव्या वर्षी शिकाऊ!" नवरा म्हणाला. "म्हणजे साठीला बालवाडीत आणि सत्तरीला पाळण्यात."

"पाळण्याची दोरी तुम्ही ओढा," ती म्हणाली, आणि डबा पिशवीत टाकून निघाली.

आयुष्यभर ती एका नाचाच्या क्लासात पियानो वाजवत आली होती. पियानो कोपऱ्यात आणि हिचं तोंड भिंतीकडे. नाचणाऱ्या मुलींना तिची पाठ तेवढी ओळखीची. एखादीचं पाऊल चुकलं, एखादी मधेच विसरून खांबासारखी उभी राहिली, की हिची बोटं धावत जाऊन ती भेग लिंपून टाकत. कार्यक्रमात समोर बसलेल्यांना पत्ताही लागत नसे. माझ्यामुळे कधी कुणाचं हसं झालं नाही, एवढी एकच फुशारकी ती मारायची. मग क्लासच्या बाईंनी स्पीकर आणला. स्पीकरला सर्दी होत नाही, चहा लागत नाही, तो रजा मागत नाही. हिला कुणी 'येऊ नका' असं म्हटलंसुद्धा नाही. एके दिवशी तिच्या स्टुलावर कुणाच्या तरी चपला ठेवलेल्या होत्या, एवढंच.

सगळ्यांना वाटलं, आता बसेल घरी. पाठच पाहिलेली ना त्यांनी. चेहरा पाहिला असता तर तसं वाटलं नसतं. ती गेली आणि संगीतोपचाराच्या वर्गात नाव घालून आली. वर्गातली बाकीची मुलं तिच्या लेकीच्या वयाची. शिक्षणाचा भाग म्हणून काही महिने विशेष मुलांच्या शाळेत जायचं होतं. तिथल्या गाडीच्या ड्रायव्हरने पहिल्याच दिवशी तिचं बारसं केलं: शिकाऊआजी.

संगीताची खोली वरच्या मजल्यावर, शाळेतली सगळ्यात उजेडाची. तिथे मुलांना संगीतातून शिकवणारी जी होती तिला सगळे ताई म्हणत. वयाने शिकाऊआजीच्या निम्मी.

"काकू, तुम्ही फक्त बघायचं," ताईने बजावलं. "हात लावायचा नाही, मदत करायची नाही. सोपं नाहीये हं ते."

बघण्यात काय कठीण, असं हिला वाटलं.

तास संपताना निरोपाचं गाणं व्हायचं. गाण्याचा शेवटचा ठोका राणीसरकारांचा. राणीसरकार म्हणजे अकरा वर्षांची एक मुलगी; स्वतःच्या लाल स्टुलाखेरीज कशावरही बसत नसे, म्हणून हे नाव. ती बोलत नसे. तिची बटणं दुसरं कुणी लावी, घास दुसरं कुणी भरवी, नाक पुसणारा हात न विचारता मागून येई. दिवसभर तिच्या अंगावर परक्या हातांची वर्दळ. ठोका तेवढा तिचा. ताई पियानो वाजवत गायची, शेवटच्या शब्दापाशी थांबायची आणि हात मांडीवर ठेवायची. सूर तसाच लोंबकळत राहायचा. राणीसरकार ड्रमची काठी हुंगायच्या, गालावर फिरवायच्या, खिडकीबाहेर बघून घ्यायच्या, आणि मग, त्यांना वाटेल तेव्हा, धम्म!

दुसऱ्याच आठवड्यात घोटाळा झाला. सूर लोंबकळत होता, काठी गालावर होती, आणि शिकाऊआजीच्या बोटाने टेबलावर ठोका देऊन टाकला. मुद्दाम नव्हे. बोटाला सवय. भेग दिसली, लिंपली.

राणीसरकारांनी काठी खाली ठेवली. स्टूल उचललं, भिंतीकडे वळवलं आणि सगळ्यांकडे पाठ करून बसल्या.

ताई ओरडली नाही. मुलं गेल्यावर म्हणाली, "काकू, तिच्या तोंडचा घास काढून घेतलात तुम्ही."

पुढे कितीतरी दिवस ती पाठ तशीच होती. शिकाऊआजी ती बघत बसे. बघणं काय असतं ते तिला आता कळत होतं. दुसऱ्याला वेळ द्यायचा म्हणजे आपल्या हातांशी भांडायचं.

घरीही ती भांडण करून पाहू लागली. नवऱ्याने "अगं, माझा..." म्हणायचं आणि तिने "चष्मा फ्रिजवर" म्हणून मोकळं व्हायचं, असा तिसेक वर्षांचा संसार. आता ती नुसती बघत राहायची.

"अगं, माझा... माझा तो..." नवरा घाबरला. "बरं नाही का तुला?"

"मला काय धाड भरलीय? पुरं करा वाक्य."

"चष्मा!" तो म्हणाला, आणि जन्मात पहिल्यांदा बोलल्यासारखा खूश झाला.

राणीसरकारांचं स्टूल हळूहळू फिरलं. भिंतीकडून खिडकीकडे, खिडकीकडून ड्रमकडे. ठोका परत आला. तेवढ्यात बातमी आली की शाळा चालवणाऱ्या संस्थेची माणसं वर्ग बघायला येणार आहेत. उजेडाची खोली त्यांना बैठकीसाठी हवी होती. संगीताने खरंच काही होतं का, एवढं पाहून ते लोक ठरवणार होते.

मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी शिकाऊआजीला जिन्यात गाठलं.

"तुम्ही तिच्या शेजारी बसा. वेळ आली की कोपराला जरा धक्का द्या. काठी पडली ड्रमवर की झालं. कोण बघतंय?"

"ती बघेल ना."

"खोली जाईल हो! मला का हौस आहे? आणि तुमच्या प्रमाणपत्रावर सही मलाच करायचीय, विसरू नका."

"बघते," शिकाऊआजी म्हणाली. मोठ्या बाईंनी त्याचा सोयीचा अर्थ घेतला.

माणसं आली. अध्यक्ष पुढे बसले. त्यांच्या बुटांत चेहरा दिसेल अशी चकाकी. गाणं झालं. शेवटच्या शब्दापाशी ताईने हात मांडीवर ठेवले.

राणीसरकारांनी काठी हुंगली. गालावर फिरवली. मग त्यांना ते बूट दिसले आणि त्या बघतच राहिल्या.

पंखा फिरत होता. मोठ्या बाईंनी डोळे वटारले. शिकाऊआजीच्या बोटांत मुंग्या आल्या. तिने दोन्ही तळहात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसली. सगळा जन्म त्या बोटांनी इतरांची लाज राखली होती. आज राखायची नव्हती. यात लाज कसली?

अध्यक्ष खाकरले. "छान! प्रयत्न फारच छान!" त्यांनी टाळ्या सुरू केल्या, बाकीच्यांनी साथ दिली.

आणि जिने आयुष्यात कार्यक्रमात तोंड उघडलं नव्हतं ती उभी राहिली.

"टाळ्या बंद करा. गाणं संपलेलं नाही."

टाळ्या थांबल्या. अध्यक्ष समजूतदारपणे हसले, घड्याळ पाहिलं आणि उठले. माणसं बाहेर पडली. जिन्यावर पावलं उतरू लागली.

धम्म!

खिडकीची काच थरथरली. जिन्यावरची पावलं क्षणभर अडली आणि पुन्हा खाली गेली. ताई पियानोवर डोकं टेकून हसत होती की रडत होती, कळलं नाही.

"'बघते' म्हणाला होतात!" मोठ्या बाई कडाडल्या.

"बघितलं की. तुम्हीही थांबला असतात तर दिसलं असतं."

खोली गेली. प्रमाणपत्रावरची सहीही झाली नाही. पियानो खोलीबाहेरच्या बोळात आला. ताई राजीनाम्याचं बोलू लागली तेव्हा शिकाऊआजी म्हणाली, "खोली गेलीय, गाणं कुठे गेलंय? धरा तिकडून." चाक अडकलं तेव्हा ड्रायव्हरने खांदा लावला. "आजी, सही नाही तरी येताय?" त्याने विचारलं.

"सही त्यांची आहे. पाय माझे आहेत."

बोळ अरुंद. संस्थेच्या बैठकीला जायचं तर वाट तीच. पहिल्या बैठकीच्या दिवशी अध्यक्ष जिना चढून आले, मागे मोठ्या बाई, त्यांच्यामागे चहाचा ट्रे घेतलेला शिपाई. नेमकं तेव्हाच ताईने हात मांडीवर ठेवले होते. शिकाऊआजी उठली आणि बोळाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत हात आडवे करून उभी राहिली.

"अहो, वाट सोडा," मोठ्या बाई पुटपुटल्या. "साहेब खोळंबलेत."

"मग खोळंबू देत."

"चहा निवतोय," शिपाई म्हणाला.

"निवू दे."

अध्यक्षांनी तोंड उघडलं; तिच्या चेहऱ्याकडे पाहून मिटलं. त्यांचे चकाकणारे बूट जागीच चुळबुळ करू लागले.

राणीसरकारांनी काठी गालाला लावली, बूट नीट पाहून घेतले, आणि खिडकी नव्हती म्हणून जिन्याकडे पाहू लागल्या. त्यांना घाई नव्हती. शिकाऊआजीचे दंड भरून आले होते, पण तिलाही नव्हती.