चार छाप्यांनंतर

सगीराबाईंची बदली १९८२ साली पाचोडच्या शाळेत झाली. माहेर शहरातल्या शहागंजातलं, घरात बोली दखनी उर्दू. पण मराठी अशी बोलायच्या की गावाला नवल वाटायचं. दहावीला त्या गणित शिकवत. संभाव्यतेची व्याख्या पोरं धडाधड म्हणून दाखवायची. पण "सलग चार वेळा छापा पडला, आता काय पडेल?" असं विचारलं की सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, "काटा!"

सांगून भागेना. मग बाईंनी चाळीस पोरांना एकेक नाणं आणि चौकटीच्या कागदाची पट्टी दिली. छापा आला की चौकट शाईनं भरायची, काटा आला की कोरी सोडायची. प्रत्येकानं पंचवीसदा नाणं उडवलं. जिथं सलग चार काळ्या चौकटी आल्या, तिथली पाचवी बाईंनी तक्त्यावर उतरवून घेतली. काळ्या एका रांगेत, कोऱ्या दुसरीत. काळ्या सत्तावीस, कोऱ्या पंचवीस. पोरं पुन्हा पुन्हा मोजू लागली.

शाळा सुटल्यावर उमा मागं थांबली. चार बहिणींत ती थोरली.

"बाई, आजी म्हनती, चार पोरी झाल्या, आता पोरगाच व्हनार. डाक्टर तर मायला पुन्यांदा बाळंतपण नको म्हनलेत. मागच्या बारीला लई रगत गेलं तिचं."

बाई तक्ता गुंडाळून तिच्यासोबत निघाल्या.

ओसरीवर तक्ता पसरून बाईंनी नाण्यांचं सांगताच आजी, चतुराबाई, फणकारली, "लेकरं म्हंजी काय पैसं हायेत व्हय, उडवायला?"

"नाहीत, मावशी. पण चार मुली झाल्या म्हणून पाचवं मूल मुलगाच, असं ठरत नाही."

उमाची आई भागूबाई शाळेत कधी गेली नव्हती. तिनं दोन्ही रांगांवरून सावकाश बोट फिरवलं.

"म्हंजी पुढच्या लेकराला मागच्या चौघींचं काय ठाऊकच नाय."

तिचा नवरा पुंजाराम दाराशी उभा होता. आठवड्यानं तो शाळेत आला.

"म्या बी उडवून बघितलं, बाई. तसंच निघालं."

पुढच्या महिन्यात त्यानं स्वतःचंच नसबंदीचं ऑपरेशन करून घेतलं.

परक्याच्या घरात आपण शिरलो, ही रुखरुख बाईंना लागून राहिली. पुढची तीन वर्षं, बदली होईपर्यंत, बाजारात समोर आली की चतुराबाई तोंड फिरवायची. बाई तरी नमस्कार करायच्या.