डाव्या पायाचा माइक

"तो ठोका बंद कर," मॅनेजर म्हणाला. "यल्ला, चल आटप, संध्याकाळी मालक ऐकायला येणार आहेत."

ठोका म्हणजे पियानो वाजवताना जमिनीवर आपटणारा मिस्टर क्लाइडचा डावा पाय. कतारमध्ये, दोह्यातल्या त्या हॉटेलात मी साउंड बघायचो. मोबाईल नुकतेच खिशात मावायला लागले होते, तेव्हाची गोष्ट. क्लाइड पंच्याहत्तरीचा अमेरिकन पियानिस्ट. तरुणपणी त्याचा स्वतःचा आठ जणांचा बँड होता. वाजवायचे रिदम अँड ब्लूज, म्हणजे तिकडच्या काळ्या लोकांचं, ऐकणाऱ्याला स्वस्थ बसू न देणारं संगीत. बसने गावोगाव फिरून त्याने नाव कमावलं. पुढे रॉकवाले आले आणि बँड विस्कटला. आता आमच्या लाउंजमध्ये त्याच्या साथीला बेस गिटारवर एक फिलिपिनो आणि सॅक्सोफोनवर एक गोवेकर. ड्रमर नाही. ड्रम्सनी गेस्टना त्रास होतो, हे मॅनेजरचं मत. त्यांना नाचायचं संगीत हवं होतं, फक्त आवाज नको होता.

मालकांना पसंत पडलं तर क्लाइडचं कॉन्ट्रॅक्ट वाढणार, नाही तर खलास. मग म्हातारा जाणार पुतणीकडे, आणि तिच्या घरात पियानो नव्हता. मला त्याचं फार वाईट वाटत होतं.

तरी हुकूम तो हुकूम. मी त्याच्या पायाखाली जाड गालिचा घातला. संध्याकाळी मालकांसमोर पहिलंच गाणं मध्येच कोसळलं. बेस मागे, सॅक्स पुढे. वरात एका रस्त्याने, नवरदेव दुसऱ्या. मालक मोबाईल बघायला लागले.

ब्रेकमध्ये मी क्लाइडला विचारलं, झालं काय?

"फार वर्षांपूर्वी एका गावात माझा ड्रमर लॉजवालीबरोबर पळाला," तो म्हणाला. "त्या दिवशी पायावर भागवलं. तेव्हापासून माझे बँड या पायावरच चालतात."

मॅनेजर मालकांच्या खुर्चीमागे अडकला होता. मी गालिचा काढला, प्लायवूडची फळी टाकली आणि वर शहाणपणा म्हणून फळीला माइक लावला. नोकरी गेली असती तर रत्नागिरीत घरी काय सांगणार होतो? पाय ऐकू आला म्हणून काढलं?

पुढचं गाणं सुरू झालं आणि बेस जागेवर आला. सॅक्सही आला. मालकांची मान डोलायला लागली. मॅनेजर मात्र माझ्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघत होता.

शेवटी मालक उठले. "पियानो ठीक आहे," ते म्हणाले. "पण ड्रमर उत्तम. त्याला सोडू नका."

"प्रश्नच नाही, सर," मॅनेजर म्हणाला. "मी स्वतः निवडलाय."

कॉन्ट्रॅक्ट वाढलं. आवाज कटकट आहे की संगीत, हे साउंडवाला ठरवत नाही, मालकाची मान ठरवते, एवढं मी शिकलो. क्लाइड माझ्यापेक्षा जास्त शिकला होता. दुसऱ्या दिवशी त्याने स्टाफ कॅन्टीनमध्ये ड्रमरच्या नावाने वेगळं ताट मागितलं, आणि मॅनेजरला ते मंजूर करावं लागलं.