शाळेचा दहावा

साहेबांचा फोन आला तेव्हा मी एसटीत होतो. कळंबहून निघालेली गाडी अजून अर्ध्या वाटेवर होती.

"कुठपर्यंत आलात?"

"पोचतोच आहे साहेब."

"लवकर या. आवारात दहावा घालायला लागलेत."

"कुणाचा?"

"शाळेचा."

मी मोबाइल दुसऱ्या कानाला लावला. साहेब म्हणाले, "तुम्हाला अनुभव आहे." त्यांना आंदोलनांचा अनुभव म्हणायचं होतं. पण माझी पत्नी जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. आम्हाला मूल नव्हतं, त्यामुळे सगळे विधी मीच केले होते आणि डोक्यावर केस अजून नीट आले नव्हते. आपण काय बोललो ते साहेबांच्या लक्षात आलं असावं. "म्हणजे, या तुम्ही," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी पंचायत समितीत शिक्षण विस्तार अधिकारी होतो. हे पद काय असतं ते सांगतो. शाळा तपासायच्या, अहवाल लिहायचे, आणि गटशिक्षणाधिकारी, म्हणजे आमचे साहेब, जिथे जायला कचरतात तिथे आपण जायचं. धाराशिव जिल्ह्यातला तो तालुका कोणता ते लिहीत नाही, कारण साहेब अजून नोकरीत आहेत.

कार्यालयापुढे कुणी धरणं धरलं किंवा उपोषणाला बसलं की मला पुढे करायचे. माझी पद्धत ठरलेली होती. आधी निवेदन घ्यायचं, म्हणजे मागण्यांचं पत्र. त्याची पोच द्यायची. पाणी विचारायचं. घरची चौकशी करायची. उन्हं कलली की लेखी आश्वासन द्यायचं, 'आपल्या मागणीबाबत सकारात्मक विचार करण्यात येईल.' मग मोसंबीचा रस, फोटो, आणि संपलं. हे वाक्य मी इतक्यांदा लिहिलं होतं की झोपेतही लिहू शकलो असतो. त्यानंतर कुणी खरोखर विचार करायचं का, सकारात्मक किंवा कसाही, ते पाहणं माझ्याकडे नव्हतं.

हे प्रकरण एका वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेचं होतं. एक खोली, चौथीपर्यंतचे वर्ग, आणि शिक्षक एकच, कदम सर. कदम सरांना कॉम्प्युटर चांगला येतो हे आमच्या कार्यालयाला कळलं आणि त्यांची प्रतिनियुक्ती झाली. प्रतिनियुक्ती म्हणजे पगार शाळेचा, काम कार्यालयाचं. वस्तीवर शेजारच्या गावचे एक सर प्रभारी म्हणून आठवड्यातून दोनदा जाऊ लागले. शिकवणारं कुणी नाही म्हटल्यावर काही पालकांनी मुलं काढली. पट घसरला. आणि पट घसरला म्हणून शाळा बंद करून उरलेली मुलं ओढ्यापलीकडच्या मोठ्या शाळेत पाठवायचा प्रस्ताव तयार झाला. साहेबांची सही तेवढी व्हायची होती. कमी पटाच्या शाळांची यादी कदम सरांनीच टाइप केली. स्वतःच्या शाळेच्या नावापाशी ते थोडा वेळ थांबले. मग शुद्धलेखन तपासून त्यांनी ती प्रिंटला दिली.

मी आवारात पोचलो तर लिंबाच्या झाडाखाली सतरंजी अंथरलेली. भिंतीला शाळेचा फळा टेकवलेला, त्याला हार घातलेला. फळ्यावर सुवाच्य अक्षरात 'आमची शाळा'. पुढे केळीच्या पानावर पिंड. पिंड खिचडीचा होता, पोषण आहाराच्या तांदळाचा. गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते पिंडाजवळ ठेवतात. इथे खडू, दुरेघी वही, लेझीम आणि कवायतीची शिट्टी ठेवली होती. भोवती सगळी वस्ती दाटीनं कडं करून उभी. निम्म्या लोकांचे मोबाइल वर धरलेले. कावळा शिवताना व्हिडिओ घ्यायचा होता.

शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष महबूबभाई पुढे आले. त्यांचा टेम्पो आहे. सगळी मंडळी त्याच टेम्पोतून आली होती.

"या सर. बरं झालं आलात. आम्हाला गुरुजी मिळंना. म्हणतेत, जित्या शाळेचा दहावा घालत नसतेत."

"बरोबर आहे त्यांचं."

"आम्ही म्हणलं, मग जिती हाय असं लिहून द्या. ते बी देईनात."

मी नेहमीप्रमाणे निवेदन मागितलं. महबूबभाई म्हणाले, "निवेदनं सगळी देऊन झाली सर. तुमच्याच सहीच्या पोचा हैत घरी."

"बरं. कर्ता कोण?" मला आयोजकाचं नाव पोलिसांना कळवायचं होतं.

"कर्ता अध्यक्ष," मागून कांताबाई म्हणाल्या.

त्यांची रेणुका तिसरीत होती. आधीच्या प्रत्येक आंदोलनात त्या एकच गोष्ट सांगत. शाळा ओढ्यापलीकडं गेली की रेणुकाची शाळा सुटली. पावसाळ्यात ओढ्याला पाणी असतं, आणि एरवी त्या वाटेला चिटपाखरू नसतं. एकट्या पोरीला त्या धाडणार नव्हत्या. मग रेणुका शेळ्यांमागं. त्या हे ओरडून सांगत नसत. स्वयंपाकात मीठ संपलंय हे सांगावं तसं सांगत.

"महबूबभाई कर्ते?" मी म्हणालो.

"मुंडन लागतं, म्हाईत हाय मला." महबूबभाईंनी टोपी काढली. डोकं गुळगुळीत होतं. "ते वरच्यानं आधीच उरकलंय."

बंदोबस्ताचा पोलीससुद्धा हसला. पिंड मात्र कांताबाईंनी ठेवला होता. "पोरीला रोज शाळंत सोडाया मीच जात होते," त्या म्हणाल्या. "आता शाळंला बी मीच सोडते."

लिंबावर कावळा बसलेला होता. तो आमच्या कॅन्टीनचा कावळा. भज्यांच्या चुऱ्यावर पोसलेला, कुणालाही न घाबरणारा. त्या दिवशी कॅन्टीनवाल्यानं दहावा मांडलेला पाहून कढई उतरवली होती, त्यामुळे कावळा सकाळपासून उपाशी होता. तरी तो खाली येईना.

कावळा शिवेपर्यंत कुणी जेवायचं नाही, अशी आपल्याकडे रीत. वस्तीवरची माणसं ती पाळणारच होती. गंमत पुढे झाली. जेवणाची सुट्टी झाली. आवक-जावकच्या बाबूंनी डबा उघडला, खिडकीतून बाहेर पाहिलं आणि झाकण परत लावलं. आस्थापनेच्या मॅडमनी भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. शाळेचा असो की कुणाचा, पिंड समोर दिसत असताना पहिला घास कुणाला घेववेना. नोकरीत मी पुष्कळ घोषणा ऐकल्या. घोषणांनी ते कार्यालय कधी हललं नव्हतं. त्या दुपारी मात्र लोक एकेक करून साहेबांच्या दाराशी जाऊन उभे राहायला लागले.

साहेबांना साखरेचा त्रास. वेळेवर खावं लागतं. मी आत गेलो तेव्हा त्यांचा डबा टेबलावर बंद होता आणि बायकोचा फोन चालू होता. "जेवतो, जेवतो," असं म्हणून त्यांनी तो ठेवला.

"काही तरी करा ना," ते मला म्हणाले.

"मोसंबीचा रस मागवू?"

"पाजणार कुणाला? उपोषणाला कुणी बसलंय का?"

"तसं पाहिलं तर आपण सगळेच, साहेब."

साहेब उठले. बाहेर आले. सतरंजीपाशी येताच सवयीनं त्यांनी चपला काढल्या. तिथेच त्यांचं अर्धं बळ गेलं. अनवाणी उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला रागावता येत नाही, हे मी पूर्वीही पाहिलं होतं.

"तुमचं म्हणणं मी वरिष्ठांना कळवतो," साहेब म्हणाले.

सगळ्यांनी माना वर केल्या. कावळ्यानं चोच फांदीवर घासली.

"सकारात्मक विचार करू."

कावळा एक फांदी वर गेला. लोकांत खसखस पिकली.

"बरं, लेखी देतो. मग तर झालं?"

"लेखी देऊन काय उपेग साहेब," महबूबभाई गंभीरपणे म्हणाले. "त्याला वाचता कसं यील? शाळाच न्हाय."

साहेब माझ्या कानाशी लागले. "तो दर्भाचा कावळा करतात ना? तो चालतो ना?"

खरा कावळा येतच नसेल तर दर्भाचा, म्हणजे गवताचा, कावळा करून पिंडाला लावतात. चालतो, असं मी म्हणालो. पण कांताबाईंचे कान तिखट.

"मास्तर प्रभारी," त्या म्हणाल्या, "आन् आता कावळा बी प्रभारी व्हय?"

हे ऐकून खुद्द साहेबांना हसू आलं. त्यांनी ते रुमालात पुसलं.

कावळा वरच्या फांदीवरच बसून राहिला. ऊन झाडाखाली शिरलं होतं. कांताबाई माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "सर, तुमच्या बाईंच्या येळी लवकर आला का?"

"लगेच आला."

"मंग चांगलं झालं की. काय राहिलं नव्हतं त्यांचं."

"हो," मी म्हणालो.

सगळ्यांनी तेच म्हटलं होतं. कावळा लगेच आला की लोक समाधानानं जेवायला बसतात. मी नदीवर एक वाक्य मनाशी तयार ठेवलं होतं. तेरणेच्या त्या घाटावर पिंड ठेवून गुरुजी म्हणाले, "मागं सरा," आम्ही चार पावलं मागं सरलो आणि कावळा आला. वाक्य बोलायची वेळच आली नाही. ते अजून माझ्यापाशीच होतं.

"आमचं सर तिथं हैत," रेणुका म्हणाली.

ती कार्यालयाच्या खिडकीकडे बोट दाखवत होती. कॉम्प्युटरच्या मागे कदम सर उभे राहून आपल्याच शाळेचा दहावा पाहत होते. पोरांनी हात हलवले. सरांनीही हात वर केला, वर्गात उत्तर येत असलेलं पोरगं करतं तसा, आणि साहेब वळताहेत हे पाहून खाली घेतला.

साहेबांनी खिडकीकडे पाहिलं. फळ्याकडे पाहिलं.

"साहेब," कांताबाई म्हणाल्या, "ती हापिसातली भाषा ऱ्हाऊ द्या. घरचं माणूस बोलतं तसं बोला. राहिलेली इच्छा काय, ती तुम्हाला म्हाईत हाय."

साहेबांनी हात जोडले. आम्हा कुणाकडे न पाहता ते थेट पिंडाशी बोलले. "शाळा बंद होणार नाही. मी सही करत नाही. कदम सर सोमवारी शाळेवर येतील आणि तिथंच राहतील. शब्द देतो."

सगळे वर बघायला लागले. मोबाइल आणखी उंच झाले. कावळा जागचा हलला नाही. साहेबांचा चेहरा पडला. आता आणखी काय कबूल करावं, या विचारानं ते माझ्याकडे बघायला लागले.

सरकारी नोकराला आंदोलनात भाग घेता येत नाही. मी तो नियम कधी मोडला नाही. गर्दी आवरणं मात्र माझ्या कामात बसतं. मी म्हणालो, "जरा मागं सरा सगळे. फाटकापर्यंत. मोबाइल खाली घ्या."

लोक मागं सरले. साहेबही सरले. कावळा फळ्याच्या चौकटीवर उतरला. तिथून पानावर. त्यानं आधी शिट्टी उलटी करून पाहिली, मग खिचडीत चोच घातली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दहाव्याला वाजवत नाहीत. कार्यालयातून फक्त डब्यांची झाकणं उघडल्याचा आवाज आला, एकामागून एक.

आत जाताना साहेबांनी मला विचारलं, "मागं सरायचं असतं, हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं?"

"आधी ध्यानात नाही आलं साहेब."

त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि ते डबा खायला आत गेले.

अहवालात मी लिहिलं, 'आंदोलनकर्त्यांशी चर्चा करण्यात आली. आंदोलन शांततेत समाप्त झाले.' कावळ्याचा उल्लेख केला नाही. त्यासाठी रकाना नव्हता.

कदम सर सोमवारी शाळेवर गेले. त्यांचं कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे आलं आणि निवृत्त होईपर्यंत मी ते एका बोटानं केलं. काढलेल्या मुलांपैकी बरीच परत आली. वरून त्या प्रस्तावाची विचारणा दोनदा झाली. दोन्ही वेळी फाइल घेऊन मी साहेबांपुढे गेलो. साहेबांनी पेन उघडलं, खिडकीबाहेर लिंबाकडे पाहिलं आणि पेन बंद केलं. माझ्या हातची लेखी आश्वासनं त्या कार्यालयात गठ्ठ्यांनी पडली आहेत. पाळलं गेलं ते हे एकच, आणि ते कागदावर नव्हतं.

त्यानंतरच्या एका शनिवारी मी त्या वस्तीवर गेलो. पत्नी प्राथमिक शिक्षिका होती. तिची गोष्टींची पुस्तकं कपाटात तशीच होती. दोन पिशव्या भरून ती कदम सरांच्या ताब्यात दिली. 'तुझी पुस्तकं मुलांच्या हाती देतो', नदीवर बोलायचं राहिलेलं वाक्य तेवढंच होतं. रेणुकानं सगळ्यात जाड पुस्तक उचललं आणि ते घरी नेता येईल का, असं विचारलं. नेता येईल, असं मी सांगितलं.

आता निवृत्तीनंतर शाळांसाठी भांडणारे लोक कधी कधी सल्ला विचारायला घरी येतात. इतकी वर्षं मी टेबलाच्या पलीकडे होतो, म्हणून येत असावेत. मी त्यांना दोनच गोष्टी सांगतो. निवेदनाची पोच घ्या. आणि बसायचंच असेल तर जेवणाच्या सुट्टीआधी बसा.