सुतळीचं सभागृह

परभणीच्या आमच्या कार्यालयात दर सोमवारी झरी गावाकडचा एक म्हातारा यायचा, वस्तीसाठी सभागृह मागायला. मी तिथला कारकून, पण त्याचं नाव कधी विचारलं नाही. मोठे साहेब बोलावीपर्यंत तो पिशवीतली सुतळी काढून व्हरांड्यात चौकोन आखायचा, दारापुरती जागा सोडायचा आणि चपला काढून तिथूनच आत जाऊन बसायचा. डोळे मिटून.

पहिल्यांदा मी घाईत सुतळी ओलांडली.

"साहेब, भिंतीतून कुठं जायलाव?" तो हळूच म्हणाला. मी चिडलो होतो, तरी मागे फिरलो.

एकदा मोठे साहेब बाहेर येऊन त्याला म्हणाले, "निधी देतो, पण काम बाहेरचा ठेकेदार मशीनवर करील."

"मग नगं. आमची माणसं कामासाठी गाव सोडून जायलेत. भिंती त्यांनीच बांधाव्या."

"फार वेळ लागेल बाबा."

"लागू द्या. मी तर आतच बसायलोय."

शेवटी त्याच्याच अटीवर मंजुरी निघाली. वस्तीतल्या मजुरांनी पाया खणायला घेतला आणि तो यायचा थांबला.

परवा सोमवारी व्हरांड्यातून जाताना त्या जागेपाशी थबकलो. सुतळी नव्हती. चपला काढल्या आणि दारातून आत गेलो.